आपल्यात नसतो हा रोग

मच्छिंद्रने फडक्याने धूळ झटकली, केसपेपर टेबलावर ओतले आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांचे जातवार ढीग लावायला घेतले. अंडाशयाच्या एका दुर्मीळ कर्करोगाच्या तेवीस बायका दहा वर्षांत धाराशिवच्या या दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. हा रोग कुठल्या समाजात जास्त, कुठल्यात कमी, यावर डॉक्टरांना पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचा होता. मराठ्यांचा ढीग झाला, लिंगायतांचा झाला, मुसलमानांचा, मारवाड्यांचा झाला. बौद्धांच्या जागी टेबलाचं लाकूडच दिसत राहिलं.

"तुमच्यात हा रोग नाहीच म्हणायचा, मच्छिंद्र," डॉक्टर म्हणाले. "रक्ताचाच गुण असणार."

आता माणसाचं मन पाहा. जन्मभर प्रत्येक वाईट यादीत ज्यांचं नाव सगळ्यात वर, त्यांना एका तरी यादीने वगळलं, याचंच मच्छिंद्रला अप्रूप वाटलं. त्यामुळे दिवाळीत त्याची थोरली बहीण पुतळाबाई ओटीपोट फुगलंय म्हणून ईट गावाहून आली, तेव्हा त्याने तिला डॉक्टरांच्या दारापर्यंतही नेलं नाही.

"वात आसंल, आक्का. त्यो वंगाळ रोग आपल्यात नसतो. म्या माझ्या डोळ्यानं कागद बघितलेत."

दवाखान्यात नोकरीला असलेला भाऊ, त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ओव्याची पुडी कनवटीला लावून ती हसत एसटीत बसली.

शिमग्याला ती पुन्हा आली. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं पुढं. मच्छिंद्रने तिला बाकावर बसवलं.

"दुष्काळी कामावरच्या बाया हसत्यात रं," ती म्हणाली. "चिंचा आणून देत्यात. आईलाबी बाहत्तर साली खडी फोडताना तशाच चिंचा द्यायच्या, ध्यानात हाय का?"

ध्यानात होतं. पन्नाशीची आई लाजेने पोटावर पदर ओढून घ्यायची. पुढचा पाऊस पडायच्या आत ती गेली.

"आईला दवाखान्यात कवा दावलं व्हतं रं आपण?"

दावलंच नव्हतं. वस्तीतल्या कुठल्याच बाईला कुणी कधी दावलं नव्हतं, म्हणून कागद नव्हते. आणि कागद नाहीत म्हणजे रोग नाही, असं मच्छिंद्र खुशाल धरून चालला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. बहिणीला जवळजवळ उचलूनच त्याने आत नेलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. त्यांचा हात एका जागी थांबला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

"कधीपासून वाढतंय हे?"

"दिवाळीच्या आदीपास्नं."

"मग तेव्हाच का नाही आलात? सख्खा भाऊ इथं असताना?"

मच्छिंद्रने तोंड उघडलं. पुतळाबाईने त्याचं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं.

"ह्यो लई मागं लागला व्हता, सायेब," ती म्हणाली. "म्याच न्हाय आले. कामावरची हजेरी बुडाली आसती."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. रोज कागद हाताळणाऱ्या मच्छिंद्रला समोरून उलटी दिसणारी अक्षरंही वाचता यायची. 'रुग्णाने स्वतः हयगय केली,' असं ते लिहीत होते. त्याने ते पूर्ण वाचलं आणि तो काहीच बोलला नाही.