वाटे घालणाऱ्याचा शेवटचा वाटा

"सांगतो, पण पटायचं नाही कुणाला," असं बजावूनच ढवळूने तोंड उघडलं. जव्हारच्या स्टँडवर दाभोशाला जाणारी जीप भरायची होती. शेजारी बायको गोदी, पुढे ड्रायव्हर मधु. "अख्खी कंपनी मी एका बोलण्यात ताळ्यावर आणली."

"झालं सुरू!" मधु हसला. "कुठली, काका?"

वाड्याची, पंप बनवणारी. ढवळू तिथे बारा वर्षं वॉचमन. कंपनी शेअर बाजारात गेली तेव्हा कामगारांना दहा-दहा शेअर मिळाले, तसे त्यालाही. मुलगा देवानंद तिथेच लेथवर. दोन हजार एक साली बातमी आली, एक शेड बंद, चाळीस माणसं घरी. त्यात देवानंदचं नाव. शाळेत शिकवणाऱ्या सुनेने, हर्षदाने, कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून दाखवला. नफा पावपट राहिला होता, आणि वरच्या साहेबांचं कमिशन मात्र दीडपट!

शेअर दोघांच्या नावावर, म्हणून नवराबायको दोघंही पहिल्या एसटीने ठाण्याला कंपनीच्या शेअरवाल्यांच्या वार्षिक सभेला गेले. हॉलमध्ये एसी असा, की मोखाड्याची थंडी परवडली. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" सगळ्यांचा जीव नाश्त्याच्या डब्यात.

"तेव्हा मी उठलो," ढवळू म्हणाला. "म्हटलं, साहेब, आमच्या पाड्यावर नदीत मासे धरले की पळसाच्या पानांवर वाटे घालतात. जो वाटे घालतो त्याने शेवटी उचलायचं. म्हणून तर सगळे वाटे सारखे पडतात. तुम्हीच वाटे घालता, नि पहिला तुम्हीच उचलता?"

मधु पुरता मागे वळला. "मग?"

"मग काय! एसीसुद्धा गप्प झाला. हिशेब तपासणाऱ्याच्या हातातलं पेन गळालं. पण अध्यक्ष माणूस मोठा हां. रागावला नाही. म्हणाला, बरोबर आहे, नफा जागेवर येईस्तोवर आम्ही साहेब लोक काही घेत नाही, शेड चालू राहील. आणि शब्द पाळला गड्याने! चाळिसांतला एकही घरी गेला नाही. दोन वर्षांत नफा जागेवर आला, त्यानंतर कमिशन उचललं."

"देवानंद आहे ना अजून लेथवर?" मधुने विचारलं.

"आहे तर! आणि ऐक, माझा नाश्ता संपेस्तोवर शेअर दुप्पट झाला. मुंबईचे दलाल गाड्या घेऊन पाया पडायला आले. अध्यक्ष म्हणाले, ढवळूशेठ, माझ्या खुर्चीत बसा. बसलो. अशी मऊ, की..."

"खुर्चीत बसलास खरा," गोदी सगळ्या जीपला ऐकू जाईल अशी कडाडली, "पण मागच्या रांगेत, आणि घोरत! माशांचं मी बोलले, देवानंदच्या बापा!"