देवाची योजना आणि लागणारी कागदपत्रे

खैरवद हे गाव तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थाच्या गावापासून मोटारसायकलवर पाव तासावर. गावात केळी आहेत, ऊस आहे, पपई आहे, दोन देवळं आहेत, उशाशी नदी आहे आणि सव्वा वर्षापासून दानियल आहे. दानियल सोडून बाकीच्या गोष्टी कशासाठी आहेत, याबद्दल गावाला शंका नव्हती.

दानियल नवापूरकडच्या डोंगरातला. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. त्याच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी माणसं न बोलावता येतात आणि प्रार्थना लांबली तर पाळकाला, आपल्या धर्मगुरूला, तोंडावर सांगतात. असं भरलं ताट सोडून तो खैरवदला आला, कारण देवानं त्याला बोलावलं होतं. ख्रिस्ती भाषेत याला पाचारण म्हणतात. नाशिकला पाळकांच्या प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी सगळे डोळे मिटून बसले असताना दानियलला तापीचा काठ दिसला. शेजारच्यालाही त्याच वेळी पाचारण झालं, पण त्याला नाशिकच दिसलं. तो आता तिथंच असतो, फ्लॅटमध्ये.

सव्वा वर्षात खैरवदला मंडळी उभी राहिली ती अशी: दानियल, त्याची बायको योगिता, आणि दार उघडं असलं तर घरमालक गिरधर आप्पांचं मांजर. योगिता शहाद्याला एका दवाखान्यात नर्स होती. घर तिच्या पगारावर चालत होतं आणि पाचारण नाशिकच्या मिशनरी संस्थेच्या तुटपुंज्या मदतीवर.

त्यात नवापूरहून वडिलांचा फोन आला. गावचे पाळक थकले होते. पंचांचं म्हणणं होतं की दानियलनं आता परत यावं. "आपली माणसं सोडून परक्याच्या बांधावर किती दिवस उभा राहशील?" वडील म्हणाले.

दानियलनं मग देवाशी परस्पर एक बोलणं केलं. येत्या रविवारी संस्थेचे समन्वयक जोएल सर त्याचं व्हिजन ऐकायला खैरवदला येणार होते. त्या दिवशी गावातला एक माणूस, फक्त एक, आपण होऊन येऊन बसला तर पाचारण खरं. नाही बसला तर सोमवारी सामान बांधायचं. देवानं यावर होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. सरकारी कचेऱ्यांची सवय असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

जोएल सरांनी फोनवर बजावलं होतं, "दानियल, व्हिजन एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. समज, लिफ्टमध्ये तुला कोणी भेटला. लिफ्ट थांबेपर्यंत त्याला कळलं पाहिजे."

नंदुरबार जिल्ह्यात लिफ्ट म्हणजे मोटारसायकलवर मागं बसवून नेणं. दानियल प्रामाणिक माणूस होता. मंगळवारी तो प्रकाशाच्या फाट्यावर जाऊन उभा राहिला आणि भाजीची पिशवी घेऊन ताटकळलेल्या तापीबाईंना त्यानं लिफ्ट दिली. तापीबाई गिरधर आप्पांच्या भाऊबंदातल्या, साठी उलटलेल्या विधवा, दोन बिघे केळीच्या मालकीण.

"मावशी," वाऱ्याच्या वरताण आवाज काढून दानियल म्हणाला, "देवाची तुमच्या जीवनासाठी एक अद्भुत योजना आहे."

"कसानी?"

"योजना."

तापीबाई गावापर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. शब्द आत उतरला, असं दानियलला वाटलं. तो उतरलाच होता.

बुधवारी सकाळी दार वाजलं. तापीबाई होत्या, सोबत आणखी तिघी. प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुकाची झेरॉक्स.

"भाऊ, त्या योजनाले उत्पन्नना दाखला लागस का?" तापीबाईंनी विचारलं. "तलाठी सुट्टीवर शे, म्हनीसन विचारी ऱ्हायनू."

चूक कुठं झाली ते दानियलच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. घरी तो मावची बोलत वाढला. मराठी त्याची शाळेची, धड्यातल्यासारखी, पूर्णविरामासकट. खैरवद अहिराणी बोलतं. असली शुद्ध मराठी या गावात फक्त बँकेचा साहेब, विम्याचा माणूस आणि ग्रामसेवक बोलतात, आणि ते आले की काहीतरी योजना असते.

"मावशी, ही योजना सरकारची नाही," तो म्हणाला.

"मंग कोनी?"

"देवाची."

तापीबाईंनी बाकीच्यांकडे वळून खुलासा केला. "खाजगी शे."

तिघींत गिरधर आप्पांची सून हेमांगी होती. ती बी.ए. होती आणि कचेरीत बोलायचं मराठी तिला येत होतं. "पात्रता काय आहे, सर?"

"पात्रता अशी नाही. खरं तर आपण सगळेच अपात्र आहोत. तरी ते फुकट मिळतं. कृपेनं."

"कोणाच्या?"

दानियल उत्तर देणार, तेवढ्यात तिघींपैकी एक म्हणाली, "अपात्रले बी भेटस, म्हन्जे सरपंचना घर तं कव्हयनी पोची गयी व्हई."

"मधे कोणाला भेटावं लागतं का?" हेमांगीनं विचारलं.

इथं दानियलनं गप्प बसायला हवं होतं. पण प्रशिक्षणात काही वाक्यं इतकी घोटून घेतलेली असतात की ती गुडघ्यावर हातोडी मारल्यासारखी आपोआप उडतात. "मध्यस्थ एकच आहे," तो म्हणाला.

चौघी गंभीर झाल्या.

"एकच?" तापीबाई म्हणाल्या. "मंग तो जास्तच घेत व्हई."

दुपारपर्यंत योजनेत घर आहे, शिलाई मशीन आहे, असं गावभर झालं आणि ओट्यावर आणखी पिशव्या जमल्या. दानियल कोणाचे कागद घेत नव्हता. लोक ठेवून जात होते. संध्याकाळी स्वतः गिरधर आप्पा आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, ऐकं ते खरं शे का? देवनी नवा करार कया म्हनतस."

"हो आप्पा. पण तो करार वेगळा."

"ज्यासना जुना करार व्हता त्यासनं काय?"

या प्रश्नावर मोठमोठ्या धर्मपंडितांनी हयाती घालवल्या आहेत. आप्पांनी तो साखर कारखान्याच्या अनुभवावरून विचारला होता. दानियलनं त्यांना कसंबसं सगळं सांगितलं, लिफ्टपासून. आप्पा हसले नाहीत.

"तू बरा माणूस शे, तू कोनले फसावाव नई," ते म्हणाले. "पन उद्या कोनी शहरना येई आनि म्हनी, हाऊ आमिष दखाडी ऱ्हायना. मन्हा ओट्टावर. मंग तू बी गया आनि मी बी. रविवारले सगळासमोर काय ते सांगी दे."

आप्पा गेल्यावर दानियल योगितासमोर बसला. "सव्वा वर्षं मी इथं घसा फोडतोय. शाश्वत जीवन सांगितलं, कोणी आलं नाही. पापक्षमा सांगितली, नाही आलं. आणि एका शब्दानं..."

"तुला लोक यायला हवे होते," योगिता पोळ्या लाटत म्हणाली. "लोक येतायत. आता रडतोस कशाला?"

"ते माझ्यासाठी नाही येत."

"देवासाठी यायला हवेत ना? तुझ्यासाठी कशाला?"

दानियलकडे याला उत्तर होतं, पण ते प्रशिक्षणातल्या मराठीतलं होतं.

रविवारी आप्पांचं अंगण भरलं. एक माणूस मागितला होता, तिथं अर्धी गल्ली उतरली. बाया पुढं, पुरुष मागं भिंतीला टेकून, आपण सहज आलो असल्यासारखे. योगितानं आप्पांच्या घरून लग्नकार्यातलं पातेलं आणून चहा टाकला होता. जोएल सरांची पांढरी गाडी आली आणि ते दारातच थबकले. फोन काढून त्यांनी आधी उभा फोटो घेतला, मग आडवा.

"दानियल, तू मला काही बोललाच नाहीस," ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "अरे, हे पीक आहे. तुझ्या पाचारणावर शिक्का आहे हा."

 आपल्याही मनात तेच चाललंय, हे पाहून दानियलला स्वतःचाच राग आला. देवानं शब्द पाळला होता, वर व्याजही दिलं होतं. माणसं का आली, हे काही त्या बोलण्यात ठरलेलं नव्हतं. वडिलांना फोन करून सांगता आलं असतं. फोटो दाखवता आला असता.

जोएल सरांनी प्रास्ताविक केलं. "देवाची योजना आपल्या कल्पनेपेक्षा मोठी आहे," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. असल्या टाळ्या त्यांना नाशिकलाही पडत नसत. ते खुलले. "आता दानियल आपलं व्हिजन मांडेल."

दानियल उभा राहिला. तयारी चाळीस मिनिटांची होती, आकृत्यांसह. समोर तापीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. भिंतीशी गिरधर आप्पा होते, आणि ते त्याच्याकडेच पाहत होते.

"योजना नई शे," दानियल म्हणाला.

अहिराणीत तो गावासमोर पहिल्यांदाच बोलत होता. उच्चार डोंगरातले होते, व्याकरण त्याचं स्वतःचं होतं. तरी अंगणाला कळलं.

"पैसा नई. घर नई. शिलाई मशीन नई. मी चुकीनं बोलनू. तुमना कागद तुमी लई जा. माले माफ करा."

 मग भिंतीकडून आवाज आला. "रद्द व्हयनी का?"

"मंजूरच नव्हती," दुसरा म्हणाला.

"मंजूर व्हती. वरना वर गयी."

"ते पांढरी गाडीवाला शे ना, त्याले विचार."

हेमांगी उठता उठता हळूच म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी आली तर सांगा." बाया पिशव्या शोधू लागल्या. कुणाचं आधार कुणाच्या पिशवीत गेलं होतं, त्यावरून जरा बोलाचाली झाली. मग अंगण आलं त्यापेक्षा लवकर रिकामं झालं. आप्पा जाताना दानियलकडे पाहून नुसती मान हलवून गेले. ती शाबासकी होती की कीव, हे काही कळलं नाही.

तापीबाई मात्र उठल्या नव्हत्या.

"योजना नई," त्या म्हणाल्या. "आफिस नई. शेती नई, नातं नई. मंग तू आठे कसाले ऱ्हास?"

खैरवदमध्ये हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याच्या चाळीस मिनिटांत याची अकरा मिनिटं होती, पण ती त्यानं सोडून दिली.

"बलायेल शे," तो म्हणाला.

"कोनी बलायं?"

"देवनी."

तापीबाईंनी विचार केला. "बलावनारा तो. आनि गाव आमनं. पाहुना धाडना तं घरवालासले सांगो ना. आमले तं काईच सांगं नई त्यानी."

जोएल सर खाकरले. पाचारणाच्या सिद्धान्ताबद्दल त्यांनी एक वाक्य सुरू केलं. तापीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य त्यांनी तिथंच ठेवलं.

"तुले तरी पक्कं ठाऊक शे का?" तापीबाईंनी दानियलला विचारलं.

दानियलला हो म्हणायचं होतं. सव्वा वर्षं तो दर महिन्याच्या अहवालात हो लिहीत आला होता. "नई, मावशी," तो म्हणाला. "पक्कं ठाऊक नई."

"विचार मंग त्याले."

"रोज विचारस."

"काय म्हनस तो?"

"काईच नई."

"मन्हा आंडोर बी तसाच," तापीबाई आपल्या मुलाबद्दल म्हणाल्या. "सुरतले ऱ्हास. फोन उचलस, बोलस नई." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "कळनं की माले सांग. मी बी ऐकसू, कसाले धाडं तुले ते." मग त्यांनी योगिताकडं बघितलं. "चहा करेल शे ना? दे मंग."

जोएल सरांनी दानियलला बाजूला घेतलं. ते चिडले नव्हते, हिरमुसले होते. "असं उघडपणे बोलायचं नसतं रे. पाळकालाच पाचारणाची खात्री नाही म्हटल्यावर..."

"मग कुठं बोलायचं, सर?"

"माझ्याशी बोलायचं."

"तुमच्याशी बोललो असतो तर तुम्ही मला पुस्तिका दिली असती."

जोएल सरांनी हे नाकारलं नाही. "तुझ्या वडिलांचा मलाही फोन आला होता," ते म्हणाले. "मोकळेपणानं सांगतो. आजचं पाहता हे क्षेत्र बंद करावं, असंच मला लिहावं लागेल. तू घरी जा. तिथंही देवाचंच काम आहे."

दानियलनं तापीबाईंकडं पाहिलं. एक माणूस येऊन बसला तर पाचारण खरं, असं ठरलं होतं. एक माणूस बसला होता. पण तो चहासाठी बसला होता, आणि त्याआधी शिलाई मशीनसाठी. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, याचा हिशेब घालायचा त्याला वीट आला. देवाशी केलेलं ते बोलणं त्यानं मनातल्या मनात मोडून टाकलं. तसंही ते एकतर्फीच होतं.

"मी जात नाही, सर," तो म्हणाला.

"म्हणजे खात्री झाली तुझी?"

"नाही." आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा चढला. "खात्री नाही झाली. पण त्या बाईनं मला विचारलंय, मी इथं का आहे. सव्वा वर्षात पहिल्यांदा या गावात कोणाला माझ्याकडून काहीतरी ऐकायचंय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते न देता मी नवापूरला जाऊन काय सांगत बसू?"

"आणि संस्थेनं मदत थांबवली तर?"

"थांबवू दे. ती योगिताच्या पगाराहून कमीच आहे."

"पण अहवालात मी लिहू काय?"

"योजना नाही असं लिहा."

जोएल सर बराच वेळ फोनकडं पाहत राहिले. त्यात उभा फोटो होता आणि आडवाही होता. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि, दुसरं काही सुचेना म्हणून, ओट्याच्या कडेला बसले.

योगितानं पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवलं. चहा पूर्ण गल्लीचा होता आणि प्यायला माणसं चार. पातेलं आप्पांच्या घरी रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून तिनं सगळ्यांना दुसऱ्यांदा दिला, आणि कोणाला नको का विचारलं नाही.