उसना हात

आकडा चांगला आला की कोणी खोलात जात नाही. वाईट आला की दहा जण तपासायला बसतात. जगातल्या सगळ्या कचेऱ्यांत हे खरे आहे, आणि लेओन शहरातल्या त्या लहानशा संशोधन संस्थेतही ते खरे होते.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी डॉ. एलिदा मोंकादाच्या टेबलावर एक फार चांगला आकडा होता. एल होकोतल या ऊसतोड्यांच्या वस्तीत तीन वर्षांपूर्वी शंभरातल्या एकतीस पुरुषांची मूत्रपिंडे बिघडलेली होती. यंदा फक्त बारा!

एलिदाचे आयुष्य या एका रोगामागे गेले होते. अठरा वर्षांपूर्वी ती विद्यार्थिनी असताना वही घेऊन त्या वस्तीत गेली, तेव्हा तिशी-चाळिशीतले धट्टेकट्टे पुरुष का मरतात हे कोणी सांगू शकत नव्हते. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. तिने घरोघर फिरून माणसे मोजली, कोण कुठे काम करतो ते लिहिले, मेलेल्यांची वये लिहिली. मग हळूहळू चित्र दिसू लागले. जाळलेल्या उसाच्या फडात, पाणी-सावलीवाचून, जीव तोडून कोयता चालवणाऱ्यांनाच हा रोग गाठत होता. तिथल्या साखर कारखान्याने तिला दहा वर्षे दारात उभे केले नाही. अखेर केले. फडात सावलीचे तंबू आले, पाण्याची पिंपे आली, दर तासाला दहा मिनिटे विश्रांती आली. आणि हंगामाआधी, दर नोव्हेंबरात, तिच्या संस्थेकडून प्रत्येकाच्या रक्ताची तपासणी सुरू झाली.

रक्तात साठणाऱ्या एका कचऱ्याला क्रिएटिनिन म्हणतात. मूत्रपिंड थकले की तो वाढतो. वस्तीत रोगाचेच नाव क्रिएटिनिन पडले होते. ‘त्याला क्रिएटिनिन लागलं’ एवढे म्हटले की बायका डोळे पुसायला लागत. एक पूर्णांक चारच्या वर आकडा गेला की एलिदा त्या माणसाचे नाव कारखान्याला कळवी आणि त्याला हंगामात घेतले जात नसे. आजारी माणसाने उन्हात उभे राहू नये, इतकाच तिचा हेतू.

दुपारी कारखान्याच्या पलासिओस इंजिनिअरांचा फोन आला.

“डॉक्टर, अभिनंदन! शुक्रवारी राजधानीत, मानाग्वाला, संचालकांसमोर हे सगळं तुम्हीच मांडा. आणि हो, रोग आटोक्यात आलाच आहे, तर त्या दहा मिनिटांचा पुन्हा विचार करू. तासाला दहा म्हणजे जरा फारच होतात हो.”

“आकडा उतरला तो त्या दहा मिनिटांमुळेच,” एलिदा म्हणाली.

“तेच तर! उतरला ना? मग झालं.”

फोन ठेवल्यावर तिने यादी पुन्हा वाचली. एका नावाशी तिची नजर नेहमी अडखळे. अबेलिनो सुनिगा, वय अडतीस. दोन वर्षांपूर्वी एक पूर्णांक नऊ, गेल्या वर्षी शून्य पूर्णांक नऊ, यंदा शून्य पूर्णांक आठ. डागाळलेले मूत्रपिंड असे नव्याने उगवत नाही, हे तिला ठाऊक होते. पण त्याच वर्षी प्रयोगशाळेतले जुने यंत्र बदलले होते. जुना आकडा यंत्राने चुकवला असणार, असे तिने स्वतःला समजावले होते. मनाला हवे असलेले उत्तर किती चटकन पटते! तरी शुक्रवारच्या आधी त्या माणसाला एकदा डोळ्यांनी बघावे म्हणून मंगळवारी सकाळी ती एल होकोतलला निघाली.

अबेलिनोची आई तोमासा, जिला सगळे आदराने दोन्या तोमासा म्हणत, चुलीशी मक्याच्या भाकऱ्या थापत होती. एलिदाच्या पहिल्या वहीतल्या पहिल्या पानावर तिच्या नवऱ्याचे नाव होते. तो गेला तेव्हा एलिदा तिच्याजवळ बसून होती. त्या दिवसापासून तोमासा तिला पोरी म्हणे.

“ये गं पोरी. तुझा बरा झालेला पेशंट बघायला आलीस? तो काय, झोपलाय झोळीत.”

झोपाळ्याच्या झोळीत अबेलिनो आडवा पडला होता. पाय सुजून खांबासारखे झाले होते. त्याला उचक्या लागत होत्या आणि श्वासाला लघवीसारखा वास होता. एलिदाला यंत्र लागले नाही. तिने त्याचा घोटा बोटाने दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

“कधीपासून?”

“नाताळापासून उचकी थांबत नाही,” तोमासा म्हणाली.

“पण नोव्हेंबरात याचा आकडा चांगला होता!”

दारात बसून कोयत्याला धार लावणारा धाकटा भाऊ रोसेंदो म्हणाला, “तो आकडा माझा होता, डॉक्टर.”

“म्हणजे?”

“म्हणजे रक्त माझं होतं. सकाळी डाव्या हातानं मी अबेलिनो झालो, दुपारी उजव्या हातानं रोसेंदो. तुमच्या शहरातल्या नर्सताई कार्ड बघतात, तोंड कोण बघतंय? एक म्हणाली, ‘तुम्ही दोघं भाऊ अगदी सारखे दिसता हं!’ मी म्हटलं, ‘आई एकच आहे ना, ताई.’”

झोळीतून अबेलिनो हसला. हसता हसता पुन्हा उचकी लागली.

“रागावू नका, डॉक्टर,” तो म्हणाला. “कागदावर मी बरा आहे ना? मग असू द्या तसंच. कुठंतरी तरी बरा असू द्या मला.”

एलिदा ओट्यावर बसली.

“आणखी किती जणांनी असं केलं?”

“उसना हात म्हणतो आम्ही त्याला,” तोमासा म्हणाली. “शेजारणीकडून पाटा मागून आणावा, तसा. ज्याला क्रिएटिनिन लागलं नाही, तो दुसऱ्यासाठी टोचून घेतो. ऑक्टोबरात तालुक्याला गुपचूप रक्त तपासून येतात पोरं आणि कुणाचा हात चांगला ते ठरवतात. घर सोडून घर, सगळ्यांनी केलंय. फेलिसियानोनं तर चौघांना दिला!”

“अहो, अठरा वर्षं!” एलिदाचा आवाज चढला. “अठरा वर्षांचं माझं काम मातीत घातलंत तुम्ही! मी तुमच्यासाठीच करत होते ना हे? मला तरी खरं सांगायचं!”

तोमासाने भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुलाच सांगितलं होतं की खरं. दोन वर्षांमागं माझ्या अबेलिनोनं स्वतःचा हात पुढं केला. एक पूर्णांक नऊ. तू काय केलंस? नाव कारखान्याला दिलंस.”

“तो उन्हात जाऊ नये म्हणून दिलं!”

“उन्हात जाऊ नये? मग कुठं जावं, पोरी? इथं उसाशिवाय काय पिकतं? कारखान्यानं काढला, तो मुकादमाबरोबर पलीकडच्या फडात गेला, दुसऱ्याच्या नावानं. तिथं तुझा तंबू नाही, तुझं पिंप नाही, तुझी दहा मिनिटं नाहीत. सहा महिने तिथं कोयता चालवला त्यानं. आहे हे तुझ्या वहीत?”

एलिदाला वहीतली ती ओळ आठवली. तिने ती स्वतःच्या हाताने लिहिली होती: ‘कामावरून कमी केले, उन्हापासून सुरक्षित.’

सुरक्षित! तिने तपासणी नेमली, तिने मर्यादा ठरवली, तिने यादी पाठवली. प्रत्येक पायरी शास्त्राला धरून होती. आणि त्या पायऱ्या उतरून हा माणूस थेट या झोळीत येऊन पडला होता.

“आम्ही खोटं बोललो, पोरी,” तोमासा हळू आवाजात म्हणाली. “पाप आहे, ठाऊक आहे. पण खरं बोलायचं तर पोटावर पाय येतो. खोटं बोलायचं तर पोरगं तंबूच्या सावलीत तरी राहतं. तू आई असतीस तर काय केलं असतंस?”

एलिदा उठून झोळीशी गेली.

“आणि आता ते खोटंही संपलं,” रोसेंदो म्हणाला. “गेल्या आठवड्यात मी तालुक्याला जाऊन आलो. एक पूर्णांक सहा. फेलिसियानोलाही लागलंय. पुढल्या नोव्हेंबरात उसना द्यायला वस्तीत धड हातच उरला नाही, डॉक्टर.”

अबेलिनोला शहरातल्या रुग्णालयात न्यायला एलिदाने गाडी मागवली. तो जाईना. ज्याला रक्त साफ करणारे मशीन लावतात तो परत येत नाही, अशी वस्तीत समजूत होती. आणि इतक्या उशिरा नेल्यावर कोण परत येणार? बुधवारी पहाटे तो गेला. गुरुवारी दुपारी त्याला पुरले. शेजारचा फड नुकताच जाळला होता. काळी राख उडत येऊन शवपेटीवर, बायकांच्या केसांवर, सगळ्यांवर बसत होती. कोणी ती झटकत नव्हते.

वाचकहो, आता एलिदापुढे काय होते पाहा. चांगला आकडा तसाच मांडावा, तर कारखाना म्हणणार की रोग गेला, आणि दहा मिनिटे काढून घेणार. खरे सांगावे, तर ज्यांनी हात उसने घेतले ते सगळे त्याच दिवशी हाकलले जाणार. मानाग्वाच्या वाटेवर तिने भाषणाचा कागद चार वेळा उघडला आणि चार वेळा मिटला.

सभागृहात थंडगार हवा होती. संचालक खुशीत होते. एलिदा उभी राहिली आणि म्हणाली,

“एल होकोतलचा आकडा खोटा आहे. रोग कमी झालेला नाही, लपलेला आहे. मी हा अभ्यास मागे घेते.”

क्षणभर कोणालाच समजले नाही. मग पलासिओस उठले.

“खोटा म्हणजे? लोकांनी फसवलं तुम्हाला? कोणी कोणी फसवलं? नावं द्या!”

“एकच नाव देते. माझं.”

“डॉक्टर, हा काय पोरखेळ आहे?”

“पोरखेळ नाही, चूक आहे. माझी चूक! जो खरं सांगेल त्याचं काम जाईल, अशी तपासणी मी नेमली. तिच्यातून खरं बाहेर येईल, असं मी धरून चालले. इतकी साधी गोष्ट मला अठरा वर्षांत कळली नाही. आजाऱ्याला काढू नका. त्याला सावलीतलं काम द्या, तेवढ्याच मजुरीवर. मग बघा, एकही जण उसना हात आणणार नाही. आणि विश्रांतीची मिनिटं कमी करायला माझा आकडा वापरू नका. तो आकडा कुणाचाच नाही.”

तिला बसायलाही कोणी सांगितले नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. कारखान्याने संस्थेशी करार मोडला. परदेशातून येणारा निधी थांबला. तिच्या बरोबरीचे लोक म्हणाले, बाईने हातची कीर्ती घालवली. सावलीतले काम कोणालाच मिळाले नाही. पण तिने सगळ्या वर्तमानपत्रांना पत्र लिहिल्यावर ती दहा मिनिटे मात्र कायम राहिली. ती काढायचे धाडस कोणाला झाले नाही. एवढाच काय तो लाभ.

नोव्हेंबरात एलिदा पुन्हा एल होकोतलला आली. या वेळी नर्सताई नव्हत्या, कार्ड बघणारे टेबल नव्हते. चर्चच्या ओसरीवर एक खुर्ची आणि एक पेटी. नावाच्या जागी फक्त क्रमांक, आणि तो कोणाचा हे ज्याचे त्यालाच ठाऊक. निकाल ज्याचा त्याच्याच हातात. यादी कोणाकडेही जाणार नाही, असे तिने मोठ्या अक्षरात लिहून लावले होते. शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडाने सांगितले होते.

दुपारपर्यंत कोणी फिरकले नाही. माणसे समोरच्या झाडाखाली बसून नुसती बघत होती. त्यांनी का यावे? तिच्यावर विश्वास ठेवण्याचे फळ त्यांनी पाहिले होते.

मग तोमासा आली. काळ्या कपड्यांत, रोसेंदोला दंडाला धरून.

“बस रे,” ती म्हणाली, आणि एलिदाकडे वळली. “हा याचाच हात आहे. बघून घे.”

एलिदाने त्याच्या तोंडाकडे बघितले, मग सुई लावली. चार दिवसांनी ती कागद घेऊन परत आली तेव्हा आकडा होता दोन पूर्णांक एक. तिने तो रोसेंदोला बाजूला नेऊन एकट्याला सांगितला. काय खायचे, किती पाणी प्यायचे, कोणती वेदनाशामक गोळी अजिबात घ्यायची नाही, हे समजावले. तोमासा ओसरीच्या पायरीवर थांबली होती.

“किती गं?” तिने विचारले.

“दोन्या तोमासा, ते त्याचं त्याला विचारा. मी नाही सांगणार. तुम्हालाही नाही.”

म्हातारीने मुलाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. तिला कळायचे ते कळले. मग झाडाखालच्या माणसांकडे वळून ओरडली,

“ऐकलंत का रे? माझ्या पोराचा आकडा ती मलासुद्धा सांगत नाही! उठा आता!”

आधी फेलिसियानो उठला, बाही वर सारत. मग आणखी दोघे. संध्याकाळपर्यंत एकतीस माणसांनी आपापला हात पुढे केला. त्या रक्ताचे एलिदाच्या वहीत उतरलेले आकडे अठरा वर्षांतले सर्वांत वाईट होते, आणि उसना हात सुरू झाल्यापासूनचे पहिले खरे.

आपणही कुठे ना कुठे तपासणारे असतो. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात, घरात आपल्यालाही कोणी ना कोणी हिशेब देत असतो. माणसे खोटे सांगतात म्हणून आपण चिडतो. चिडण्याआधी एकदा विचारावे, की यांनी खरे सांगितले तेव्हा आपण त्यांचे काय केले? खरे बोलणाऱ्याच्या पोटावर जिथे पाय येतो, तिथे सत्य मागण्याचा हक्क कोणालाच नाही. आधी पाय काढावा, मगच हात मागावा.