दोन बोटं माया

पडद्यामागे दादाने दोन्ही इस्त्र्या खांद्यापर्यंत उचलल्या, क्षणभर धरल्या आणि दातओठ आवळत सावकाश खाली आणल्या. कोळशावर चालणाऱ्या जुन्या लोखंडी इस्त्र्या होत्या त्या, विजेची आल्यापासून माळ्यावर धूळ खात पडलेल्या. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला तेव्हा दादाने त्याच खाली काढल्या.

"पैलवान, पडदा तेवढा फाडू नका," बाहेरून बारक्या ओरडला. "गिऱ्हाइकाने कपडे घालून बघायचे कुठे?"

बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. लहानपणी अगदीच किडकिडीत म्हणून हे नाव पडलं आणि आता शिलाई मशीनमागे पोट मावेनासं झालं तरी सुटलं नाही. वडिलांनी दोघांना शिंपीकाम शिकवलं. दादा कापायचा, बारक्या शिवायचा. मध्यंतरी दादा तापाने अंथरुणाला खिळला आणि मोठी कात्री बारक्याच्या हातात गेली ती गेलीच. बरा होऊन परतल्यावर दादाने कोटाच्या कापडाला कात्री लावून पाहिली, तर मनगट थरथरलं आणि शिवणीपलीकडे जादा सोडलेली माया सगळी कापली गेली. त्यावर एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा बारक्या अवाक्षर बोलला नाही. दादाला लागलं ते तेच.

"नुसतं खाल तर पोट सुटेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "वजन अंगात भरायला हवं. खा, आणि जोडीला काहीतरी जड उचला."

दादा मनापासून उचलत होता आणि मनापासून खातही होता. बायको दूध, केळी, अंडी, भाजलेले शेंगदाणे समोर ठेवायची आणि ताट रिकामं होईपर्यंत जागची हलायची नाही. भूक सपाटून लागायची, झोप गाढ यायची. दिवस तसे मजेत चालले होते. फक्त शर्ट काही दाद देत नव्हते.

दादाची सगळी भिस्त शर्टांवर. दवाखान्यातल्या काट्यावर उभं राहायचं त्याच्या जिवावर यायचं. शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही, ही वडिलांची शिस्त. स्वतःच्या अंगावर टेप कधी खरी बसत नाही म्हणायचे ते. बारक्याला माप घ्यायला सांगावं तर दिवसभर थट्टा. मग उरले शर्ट. आजारातून उठला तेव्हा ते अंगाला नीट बसले होते, त्यामुळे आपलं तोंडच तेवढं सुकलंय असं तो धरून चालला होता. पण आता इतके महिने घाम गाळला तरी ते तसेच्या तसेच, जराही घट्ट होईनात.

सकाळी आरशासमोर बटणं लावताना त्याने ठरवून टाकलं होतं. आज शेवटचं. मग इस्त्र्या माळ्यावर आणि मोठी कात्री कायमची बारक्याची.

त्याने इस्त्र्या उचलून थेट डोक्यावर नेल्या. टर्रकन आवाज झाला.

शर्ट बगलेपासून कमरेपर्यंत उसवला होता. दादाने तो काढला, उलटा केला आणि दिव्याखाली धरला. कापड शाबूत होतं, फक्त शिवण सुटली होती. टाके लांबलांब आणि कच्चे, पुन्हा उसवायचं असलं की घालतात तसे. त्या शिवणीच्या आतल्या अंगाला सुईच्या बारीक भोकांची एक ओळ होती. तिच्या आत आणखी एक. सगळ्यात आतली ओळ इतकी आत होती की तिच्यावर टेकलेलं बोट त्याला उचलवेना. एवढे उतरलो होतो आपण! मूळ शिवण कडेला होती आणि आजची शिवण जवळजवळ तिच्यापर्यंत येऊन पोचली होती.

दादा बनियनवरच बाहेर आला.

"बारक्या, हे तुझे टाके."

मशीन थांबली.

"तू अंथरुणात होतास," बारक्या मान खाली घालून म्हणाला. "उठून ढगळ शर्ट घातला असतास तर हातपाय गाळून बसला असतास. म्हणून सगळे आत घेतले."

"आणि नंतर?"

"नंतर घरचे कपडे इस्त्रीला आले की बघायचो. बगलेत ताण दिसला की थोडं सोडायचो. आजारातून उठलेल्या माणसाला कपडा काचायला नको."

"अरे गाढवा, तो काचायचीच वाट बघत होतो मी!"

बारक्याने कपाळावर हात मारला.

"आईशप्पथ, दादा. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आधी दादाला हसू फुटलं, मग बारक्याला. बारक्याचं पोट हलायला लागलं तशी मशीनही हलायला लागली. दादाने डोळे पुसले. त्याला फार बरं वाटत होतं. अजून एक गोष्ट मात्र त्याला विचारायची होती.

"आत घेतलंस तेव्हा जादा कापड कापून का नाही टाकलंस? शिवणीत एवढा गठ्ठा."

"कापू कशाला?" बारक्या म्हणाला. "माया ठेवली होती."

दादाने शर्टाची घडी घातली. मग दादा टेबलापाशी जाऊन हात पसरून उभा राहिला.

"घे माप. नवा शिवू."

बारक्याने छातीभोवती टेप धरली.

"श्वास सोड. माझ्यासमोर फुगायचं नाही."

दादाने श्वास सोडला. बारक्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि टेप गळ्यात टाकली. थट्टा केली नाही. कपाटातून कापड काढून टेबलावर पसरलं, मोठी कात्री उचलली आणि मूठ दादाकडे करून पुढे धरली.

दादाने ती हातात तोलली. मनगट हललं नाही. कात्री शेजारी ठेवून त्याने खडू घेतला, झुकून एक लांब रेघ ओढली आणि थांबला.

"माया किती ठेवू?"

"दोन बोटं ठेव," मशीनमागे पोट सारत बारक्या म्हणाला. "तुझा काय भरवसा."