घड्याळ फळीवर आहे

"आई, कात्री कुठंय?"

"मराठीत विचारलंस. नाही सांगणार."

सून दारात थबकली. हाताला साबणाचा फेस तसाच. पुटपुटली, "इज इट अंडर द बेड?"

"मोठ्यानं बोल. परदेशातली म्हातारी बहिरी निघाली तर?"

"इज इट अंडर द बेड?"

"नो."

"बिहाइंड द डोअर?"

"नो."

कात्री माझ्या मांडीखाली होती. तिथलं विचारायचं तिच्या डोक्यात येईना, आणि तिकडे दूध उतू गेलं. ती शेगडी पुसायला धावली तेवढ्यात मी कात्री काढून टेबलावर ठेवली. आली तशी म्हटलं, "ही काय समोर! डोळे आहेत का बटणं?"

हा खेळ तिच्या क्लासच्या बाईंनी शिकवलेला. एकीनं वस्तू लपवायची, दुसरीनं इंग्रजीत विचारत विचारत शोधायची. खाली का वर, आत का मागे. लपवणारीनं यस आणि नो सोडून बोलायचं नाही. क्लासमधली तिची जोडीदारीण नोकरी मिळून परदेशी गेली, तेव्हा सरावाला घरात उरले मी. मी दुसरीतून शाळा सोडली, पण नो म्हणायला कुठे कॉलेजात जावं लागतं? शिवाय वस्तू कुठे आहे ते मला ठाऊक आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघत फिरायचं, ही आमच्या घरची जुनीच रीत. कपाटाच्या किल्ल्या अजून माझ्याच कमरेला आहेत.

माझा मुलगा वारल्यापासून ती दवाखान्यात आयाचं काम करते. तिथल्या कुणीतरी डोक्यात भरवलं की परदेशात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बायका हव्या असतात, इंग्रजीत बोलण्याची परीक्षा तेवढी पास व्हायची.

"दुसऱ्याच्या सासूचं करायला एवढ्या लांब?" मी विचारलं. "इथली काय कडू लागते?"

"तिथं पगार देतात, आई." चादर झटकत ती म्हणाली. "आणि थँक्यू म्हणतात म्हणे."

पूर्वी तिच्या तोंडात जीभ नव्हती. दारावर कुणी येऊन घरी कोण आहे विचारलं, तर मी सांगायची, "कोणी नाही, सून आहे." ती आतून मुकाट्यानं पाणी घेऊन यायची. आता ही इंग्रजी शिकायला लागली आणि मराठीतही तिला वाचा फुटली.

ती गेली की मी लेकीकडे जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्या दोघींनी फोनवर ठरवलं होतं. लेकीच्या घरात माझी जागा बाल्कनीत, धुण्याच्या मशीनशेजारी. जावयाच्या दारात म्हातारपण काढणाऱ्या बायकांना मी जन्मभर नावं ठेवली. मी जाणार नव्हते. म्हणजे हिनंही जाता कामा नये. साधा हिशेब.

तर एकदा मी घड्याळ लपवलं.

माझ्या मुलाचं घड्याळ. बंद पडलेलं. ती ते फळीवर ठेवी आणि रोज पुसून परत तिथंच ठेवी. दवाखान्यातून आली, फळीकडे पाहिलं, आणि मराठीत काही विचारायचं नाही हे तिला कळलं. चप्पलही न काढता सुरुवात केली. पलंगाखाली? नो. उशीखाली? नो. डब्यात? "बघ उघडून." तिनं एकेक डबा उघडला. रिकामा निघाला की क्लासमधल्यासारखं म्हणायची, "एम्प्टी." पुढचा उघडायची. "एम्प्टी." आवाज बारीक होत गेला तशी मी म्हणाले, "मोठ्यानं."

शेवटी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घड्याळ माझ्या पोलक्यात होतं, हे तिला दिसलं असावं. पट्टा वर आला होता.

"माझ्या पोराचं आहे," मी म्हटलं.

"असू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली आणि चप्पल काढायला दाराशी गेली. त्यानंतर खेळ बंद. सराव ती आरशापुढे करू लागली.

परीक्षा चित्र दिसणाऱ्या फोनवरच होती. तिनं टेबलावर बरणीला फोन टेकवला, केस नीट केले आणि मला म्हणाली, "आई, थोडा वेळ आवाज करू नका. एवढंच करा माझ्यासाठी."

मी पलंगावर बसले. फोनच्या मागे, तिच्या अगदी डोळ्यांसमोर. मला बघू शकत होती ती फक्त तीच. हातात पाण्याचा स्टीलचा पेला. तो ऐन वेळी फरशीवर पाडायचा, मग खोकायचं, मग पाणी मागायचं. सगळं ठरवून बसले होते. एवढ्यानं ती गडबडते, मला माहीत आहे.

फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली की तुझ्या घरातली एक खोली सांग. काय कुठे आहे, सगळं सांग.

लपवता लपवता मलाही थोडं इंग्रजी कळायला लागलंय, हे सुनेला ठाऊक नव्हतं.

ती सांगू लागली. टेबल खिडकीजवळ. टेबलावर बरणी. दाराच्या मागे छत्री. एकदाही अडखळली नाही. मी पेला पलंगाच्या कडेला आणला.

"द वॉच इज ऑन द शेल्फ," ती म्हणाली.

फळी रिकामी होती. माझा हात आपसूक पोलक्यातल्या घड्याळाकडे गेला.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. नजर न हलवता म्हणाली, "द बेड इज इन द कॉर्नर. द बेड इज एम्प्टी."

बाईनं विचारलं, तिथं कोण झोपतं?

"नोबडी," सून म्हणाली.

मागे घरी म्हातारं माणूस आहे म्हटलं तर नोकरी देत नसतील, म्हणून क्लासच्या बाईंनी पढवलं असेल. पण फोनमधल्या बाईनं तसं काही विचारलं नव्हतं. खोलीत काय आहे, एवढंच विचारलं होतं.

"व्हेरी गुड," फोनमधून आवाज आला. "व्हेरी क्लिअर." सून हसली. आमच्या घरात असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

पेला माझ्या हातातच होता. एक थेंब सांडला नव्हता.

फोन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. माझ्या लेकीला सांगत होती, हो, झालं, छान झालं. मी उठले. पोलक्यातलं घड्याळ काढलं, पदरानं पुसलं आणि फळीवर ठेवलं, ती ठेवते तसं, तोंड खिडकीकडे करून. पलंगावर मी बसले होते तिथं खड्डा पडला होता. चादर ओढून सरळ केली. एक सुरकुती राहू दिली नाही. कमरेच्या किल्ल्या आवाज करायला लागल्या, त्या मुठीत धरल्या, आणि बाहेर जिन्यात पायरीवर जाऊन बसले.

आत तिची पावलं ऐकू आली. खोलीत आली, फळीपाशी थांबली.

"आई," तिनं हाक मारली. "कुठं आहात तुम्ही?"

मराठीत विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.