नायलॉनचा दोरा

"सही करणार नाही म्हणजे नाही!" मौळी अण्णांनी कागद क्षितिजच्या टेबलावर परत सरकवला. "तपासल्यावाचून ड्रायव्हराचा दोष म्हणोन कसा लिहू? आधी लॉरी पाहतो, मग काय ते बोल."

अंबत्तूरच्या त्या वर्कशॉपात अण्णांशी वाद घालायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे. पूर्ण नाव चंद्रमौळी राव. घराणं तंजावरचं, वय त्रेसष्ट, त्यातली चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत गेलेली. मराठी आजीच्या तोंडची, वर तमिळची फोडणी. मॅनेजर क्षितिजला पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती. पोरगा वाईट नव्हता, पण लॅपटॉपने सांगितलं की त्याला ते ब्रह्मवाक्य.

"अण्णा, बूस्ट किती कमी दाखवतोय बघा ना. होसूरच्या चढावर गाडी भरल्या मालासकट बसली, काळा धूर ओकत. टर्बो गेलाय. तापलेलं इंजिन खाडकन बंद करतात ही माणसं, दुसरं काय! लॉरीवाल्या कंपनीला संध्याकाळपर्यंत लेखी कारण हवंय. एक तर ड्रायव्हर चुकला, नाहीतर आपण. आपण म्हटलं तर त्यांच्या सगळ्या गाड्या उद्यापासून दुसरीकडे जातील."

"आणि ड्रायव्हर म्हटलं तर?"

ड्रायव्हर म्हटलं तर सुब्बाची नोकरी जाणार होती.

सुब्बा बाहेर लॉरीच्या सावलीत उकिडवा बसला होता. बावीस वर्षं अण्णा त्याला ओळखत होते. गाडी उभी केली की दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवून निवू देणारा माणूस, मग डोक्यावर पाऊस कोसळत का असेना. आणि त्याच्यावर हा आळ! चोर सोडून संन्याशाला फाशी. अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊठ रे," ते बाहेर येऊन सुब्बाला तमिळमध्ये म्हणाले. "केबिन वाकव."

टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारी चक्की, इंजिनात हवा कोंबणारी; त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. दाब फार वाढू नये म्हणून धूर बाजूने सोडायला तिला एक लहानसं झाकण असतं, वेस्टगेट. हवेच्या दाबावर पुढेमागे होणारी एक सळई ते उघडते आणि मिटते. कुकरची शिट्टी वरच अडकून बसली तर डाळ शिजेल का? तसंच हे.

अण्णांनी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं. कुठे बुडबुडा नाही. पाइप काढून चक्की बोटाने फिरवली. लोण्यासारखी फिरली. टर्बो ठणठणीत होता.

"बघ! म्हणे टर्बो गेला!" त्यांनी ओरडून सांगितलं, क्षितिजच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं.

मग त्यांनी हातपंपाने सळईला हवा दिली. सळई पुढे आली. हवा सोडली. सळई तिथेच. झाकण उघडंच राहत होतं, सगळा जोर बाजूने निघून जात होता.

त्यांनी आरसा आणि टॉर्च आत घातला. सळईच्या मागच्या अंगाला काहीतरी पिवळट, टणक बसलं होतं. तारेने खरवडून त्यांनी ते नाकाशी नेलं. जळका वास आला, आणि त्याखाली चंदन.

अण्णा मडगार्डावर टेकले.

महिन्यामागे आयुधपूजा झाली होती, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी वर्कशॉपातल्या पान्यापासून प्रेसपर्यंत सगळ्यांना गंध लागतं, आणि ते लावायचा मान वडीलधाऱ्या अण्णांचा. हीच लॉरी तेव्हा केबिन वाकवून उभी होती, नवाकोरा टर्बो बसवलेला. अण्णांनी त्याला चंदनाची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं आणि सळईला गजरा गुंडाळला. संध्याकाळी फुलं त्यांनीच ओढून काढली होती. दोरा तुटून मागे राहिला हे दिसलं नाही.

दरवर्षी गजरा घरून यायचा. त्यांची बायको सीतालक्ष्मी केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्यात फुलं गुंफायची. तो राहिला असता तर जळून राख झाला असता. पण सीतालक्ष्मी चैत्रात गेली. या वर्षी गजरा बसस्टँडवरून आला, नायलॉनच्या दोऱ्यातला. तो वितळला, गंधात कालवला गेला आणि सळईला धरून बसला.

अर्ध्या तासात अण्णांनी सळई घासून पुसून मोकळी केली. स्वतः शेजारी बसून सुब्बाला पुलावरून चक्कर मारायला लावली. बूस्टचा काटा सरसर वर चढला. सुब्बाला हसू फुटलं. अण्णांना नाही.

परतल्यावर त्यांनी दोऱ्याचा पिवळट गोळा क्षितिजच्या टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

क्षितिजने दार लोटलं. "अण्णा, हे इथेच राहू द्या. कोणाला कळणार आहे?"

"मजला कळलं ना!"

"एकतीस तारखेला तुमच्या नोकरीची मुदत संपतेय. वाढवून घ्यायची म्हणून मी हेड ऑफिसशी भांडतोय. तुम्ही हे लिहिलंत तर मी तरी काय करू? मला वाईट वाटतंय, खरंच."

"वाईट वाटू दे, तंबी," धाकट्या भावाला म्हणावं तसं अण्णा म्हणाले. "चुकलो मी, आणि घरी बसेल सुब्बा? गंध लावायचा मान माझा, तर ही चूकही माझीच. दे ते जॉबकार्ड."

सुब्बा दार किलकिलं करून ऐकत होता. मराठी कळत नसलं तरी मतलब कळला. "वेंडाम, अण्णा," तो तमिळमध्ये म्हणाला. "नको. मला दुसरी गाडी मिळेल."

"गप रे! इंजिन जाळणारा म्हणोन शिक्का बसला तर बैलगाडीसुद्धा देणार नाही तुला कोणी."

अण्णांनी ठळक अक्षरांत लिहिलं. टर्बो चांगला आहे. पूजेचा दोरा सळईत राहिला. दोष माझा, ड्रायव्हरचा नाही. खाली पूर्ण नाव, आणि झोकदार सही. मग कार्डाचा फोटो काढून त्यांनी स्वतःच कंपनीला पाठवला.

"झालं," ते म्हणाले. "आता कोणाचं नाव खोडायचं ते खोडा."

अण्णा निघाले तेव्हा क्षितिज उठून उभा राहिला.

बसस्टँडवर फुलवाली वसंता टोपली घेऊन बसली होती. तिने नेहमीसारखा हात लांब करून गजरा मापायला घेतला.

"तो नको. सुटी फुलं दे," अण्णा म्हणाले. "आणि केळीचं सोप असेल तर दे थोडं."

"घरी गुंफायला कोण आहे, अण्णा?"

"मी आहे."

घरी येऊन त्यांनी सोप पाण्यात भिजत घातलं, हात दोनदा साबणाने धुतले आणि सीतालक्ष्मीच्या फोटोखाली मांडी घातली. चाळीस वर्षं नटबोल्ट फिरवलेल्या बोटांना ती गाठ येत नव्हती. पहिलं फूल निसटून मांडीवर पडलं. अण्णांनी ते उचललं, चष्मा सारखा केला आणि परत गाठ मारायला घेतली.