मोजणीच्या दिवशीचं शीड

बायडाबाई चिडली की चुलीला काडी लावावी लागत नाही, असं नव्या गावठाणात म्हणायचे. एकदा तिच्या नुसत्या बघण्यानं शेजारच्या मनकर्णेचं दूध उतू गेलं होतं, आणि ते अजून चुलीवर चढवलेलंही नव्हतं. शपथेवर सांगणारी माणसं आहेत. पण चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात ती जी भडकली, त्यापुढं हे दूध म्हणजे काहीच नव्हे.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव पश्चिमेच्या अंगाला उठून आलं, आणि सोनईच्या बाजाराची वाट पाण्यापल्याड राहिली. वळसा घालून जायचं तर दिवस मोडायचा. म्हणून बायडाबाईच्या नवऱ्यानं, सोपाननं, बंद पडलेल्या गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटली. ज्या काहिलीत उसाचा रस उकळायचा, तिच्यात आता माणसं बसायला लागली. मधोमध बांबू, बांबूला भिंगारच्या जुन्या बाजारातून आणलेलं तंबूचं कापड. गोल भांडं वाऱ्यावर गरगर फिरायचं, म्हणून सोपाननं मागं चऱ्हाटाला जात्याची तळी बांधून पाण्यात सोडली. ती शेपटीसारखी ओढत राहिली की काहील सरळ चालायची. जुन्या गावच्या वेशीचे दगड ओढून त्यानं घाटाच्या सात पायऱ्याही रचल्या. सातवी बसवली आणि तो पंधरा दिवसांच्या तापात गेला. तेव्हापासून फेरी बायडाबाईची.

आता त्या घाटावर जलविहार मंडळाचा डोळा होता. शहरातले हौशी लोक रविवारी शिडाच्या नौका घेऊन यायचे. अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांची नौका ‘राजहंस’, पांढरीशुभ्र, पंचवीस फुटांची. खोल पाण्याला लागून पायऱ्या होत्या त्या एवढ्याच.

‘‘बाई, तुमची कढई शर्यतीत आडवी येते,’’ आप्पासाहेब म्हणाले. ‘‘घाट मंडळाला द्या.’’

‘‘कढई तुमच्या घरात. ही काहील हाय. आन घाट माज्या धन्यानं बांधलाय.’’

‘‘कागद आहे?’’

कागद कुठला? कागद मंडळाकडंही नव्हता, पण त्यांच्याकडं बंद गळ्याचा कोट होता. आप्पासाहेब चारचौघांत हसून म्हणाले, ‘‘मग शर्यतच लावू. जिंकलात तर घाट तुमचा, मंडळ पुन्हा नाव काढणार नाही. हरलात तर काहील उचलायची.’’

बायडाबाईनं पदर खोचला. ‘‘माजी फेरी वाऱ्यासंगं पल्याड जाती. शर्यत बी तशीच. वारं पाठीवर घिऊन. जाऊन परत यायचं काय न्हाई.’’

‘‘चालेल. आणि आम्ही अन्याय करत नाही. हँडीकॅप लावू.’’

मनकर्णा मागून पचकली, ‘‘हंडी बी देनार आन कप बी?’’

मंडळाचे चिटणीस राधाकृष्ण कुलथे मात्र हसले नाहीत. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, किरकोळ अंगाचे गृहस्थ. टेप खिशात नसला तर त्यांना झोप लागत नसे. ते म्हणाले, ‘‘प्रत्येक नावेची मापं घ्यायची आणि वारा पाठीशी असताना ती किती पळेल ते आधीच गणितानं काढायचं. जी पळणारी, तिनं दुसरीला वेळेची सूट द्यायची. म्हणजे लहानमोठं सगळं सारखं. मी सोमवारी मोजायला येतो.’’

मोजायला येतो! हा शब्द बायडाबाईच्या कानात विस्तव पडावा तसा पडला.

धरणाच्या वेळी असाच टेपवाला आला होता. ज्याचं जेवढं घर, तेवढी नव्या गावठाणात जागा. शेजाऱ्यांनी रातोरात पडव्या काढल्या, गोठ्याला दारं लावून खोल्या केल्या. एकानं तर कोंबड्यांच्या खुराड्याला उंबरठा बसवला. आणि सोपान? ‘‘हे दोन खन घर, सायेब. त्यो नुस्ता गोठा हाय.’’ मिळाली दोन खणांची जागा. खुराडेवाल्याला पाच खणांची. त्या दिवसापासून बायडाबाईनं एक गोष्ट मनात गाठ मारून ठेवली होती: मोजायला आले की होतं नव्हतं ते सगळं दाखवायचं.

सोमवारी कुलथे आले आणि बघत राहिले. बांबूला आणखी दोन बांबू आडवे बांधलेले. तंबूच्या कापडाच्या एका अंगाला गोधडी, दुसऱ्या अंगाला गोधडी, आणि वरती बायडाबाईच्या लग्नातलं हिरवं लुगडं, पदरासकट. घाटावर बोहलं उभं केल्यासारखं दिसत होतं.

‘‘हे सगळं शीड?’’

‘‘समदं! नीट मोजा, भाऊसाहेब. येक बोट बी सोडू नका.’’

कुलथ्यांनी एक बोटही सोडलं नाही. तासभर मोजलं, वहीत गुणाकार केले. काठावरून आप्पासाहेब ओरडले, ‘‘कुलथे, शर्यतीच्या दिवशी आणखी चार गोधड्या लावेल ही! नियम लिहा. शर्यत संपली की पुन्हा मोजायचं, आणि तेव्हा जे भरेल तेच खरं.’’

‘‘लिहिलं,’’ कुलथे म्हणाले. मग त्यांनी आकडा वाचला. ‘‘बायडाबाईंनी राजहंसला चार मिनिटांची सूट द्यायची.’’

‘‘मी द्यायची?’’

‘‘होय. वारा पाठीशी असला की शिडाचं राज्य. तुमची लांबी जेमतेम नऊ फूट, पण शीड अफाट. जेवढं जास्त शीड दाखवाल, तेवढी जास्त सूट तुमच्याकडून जाणार.’’

‘‘आन नुस्तं तंबूचं कापड असतं तर?’’

कुलथ्यांनी पान उलटलं. ‘‘तर उलट राजहंसनं तुम्हांला तीन मिनिटं दिली असती.’’

बायडाबाई पायरीवर मटकन बसली. आप्पासाहेब खो खो हसत होते. सोपाननं कमी दाखवलं म्हणून गेलं. तिनं जास्त दाखवलं म्हणून गेलं. म्हणजे टेप कोणाच्याही हातात असो, आपल्या दारात आला की तो आखूडच होतो. त्या रात्री तिनं भाकरी थापली नाही, तर परातीला हाणली. परातीला पोचे आले, ते अजून मनकर्णा दाखवते.

रविवारी दुपारी वारं असं सुटलं की काठावरच्या बाभळी झोपून गेल्या. आप्पासाहेबांनी शहाणपणानं राजहंसचं अर्धं शीड गुंडाळलं.

‘‘बये, तूबी गोधड्या काड!’’ मनकर्णा ओरडली. ‘‘उलटशील!’’

‘‘मोजलंय न्हवं त्यांनी? मग मोजलंय तेवडं समदं लावनार! उलटले तर त्यांच्या डोक्यावर उलटीन!’’

कुलथ्यांनी मंडळाची लाँच पलीकडं नेली होती. घाटावरून मंडळाच्या एकानं रुमाल हलवला. राजहंस पाणी चिरत निघाली. काहील आधी जागच्या जागी थरथरली, जसा रस उकळायच्या आधी थरथरतो. मग वारा गोधड्यांत भरला, बांबू धनुष्यासारखा वाकला, आणि काहिलीचं बूड पाण्यावरून उचललं गेलं. चापट बूड, खाली कणा नाही, काही नाही; कॅरमच्या बोर्डावरून चकती सुटावी तशी ती सुटली. जात्याची तळी मागं पाण्यावर टप्पे घेत येत होती. एका टप्प्यात तिच्यावर मासा येऊन बसला आणि पुढच्या दोन टप्प्यांपर्यंत बसून राहिला, असं पैलतीरावरचे लोक सांगतात. राजहंस स्वतःच काढलेल्या लाटेत नाक खुपसून बसली होती. कितीही वारा भरला तरी त्या लाटेवरून पुढं चढेना. काहील तिच्या बाजूनं गेली तेव्हा आप्पासाहेबांच्या कोटावर पाणी उडालं. बायडाबाईनं वळूनही पाहिलं नाही. तिचं डोकं आकडे मोजत होतं.

पुढं किती? तीन मिनिटं असतील. साडेतीन. पण द्यायची होती चार. एवढं जीव तोडून पुढं जायचं आणि तरी मागंच राहायचं!

समोर बुडालेल्या जुन्या गावच्या देवळाचा कळस पाण्यातून वर आला होता. तिथून डाव्या हाताला तिसरं घर तिचं, आता चाळीस हात पाण्याखाली. तेवढ्यात वाऱ्यानं हिसका दिला आणि लुगडं पदरासकट सुटून उडालं, कळसावर जाऊन अडकलं. बायडाबाई क्षणभर बघत राहिली. आणि मग तिला आप्पासाहेबांचा आवाज आठवला. शर्यत संपली की पुन्हा मोजायचं. तेव्हा जे भरेल तेच खरं.

तिनं काहिलीत पडलेला विळा उचलला. डावी गोधडी सोपानच्या धोतरांची होती, उजवी आईच्या लुगड्यांची. तीन पावसाळे बसून तिनं त्या शिवल्या होत्या. हात थांबला. मग तिला तो खुराड्याचा उंबरठा दिसला, आणि विळा चालला. एक दोरी, दुसरी दोरी. गोधड्या पाण्यावर पसरल्या, भिजल्या आणि सावकाश खाली गेल्या. काहील उरलेल्या वेगानं आणि तंबूच्या कापडानं पैलतीराला लागली. लागली कसली, चिखलावरून बाभळीच्या बुंध्यापर्यंत चढली.

राजहंस आली तेव्हा कुलथ्यांनी घड्याळ पाहिलं. ‘‘साडेतीन मिनिटं.’’

‘‘म्हणजे अर्ध्या मिनिटानं आम्ही जिंकलो!’’ आप्पासाहेब भिजल्या कोटात गरजले.

‘‘भाऊसाहेब,’’ बायडाबाई दात खात म्हणाली, ‘‘मोजा.’’

‘‘काय मोजायचंय आता?’’ आप्पासाहेब उसळले.

‘‘नियम तुमचा हाय. मोजा!’’

कुलथ्यांनी टेप काढला. तंबूचं कापड लांबी, तंबूचं कापड रुंदी. वहीचं पान उलटलं. ‘‘राजहंसनं तीन मिनिटं द्यायची. बायडाबाई साडेसहा मिनिटांनी पुढं.’’

‘‘ही लबाडी आहे! ती शीड लावूनच पळाली! तुम्ही दुर्बिणीतून पाहिलंत!’’

‘‘पाहिलं,’’ कुलथे म्हणाले. ‘‘पण आप्पासाहेब, जे भरेल तेच खरं, हे आपलंच वाक्य आहे. मी फक्त लिहिलं. आणि खरं सांगू? माझं गणित दोन्ही वेळा चुकलं. त्यात पाणी कापणं आहे, पाण्यावरून घसरणं नाहीच.’’

आप्पासाहेब लाल होऊन म्हणाले, ‘‘बाई, दोन गोधड्या होत्या. गेल्या कुठं त्या?’’

बायडाबाईनं विळा कळसाकडं रोखला. हिरवा पदर तिथं फडफडत होता.

‘‘तितनं डाव्या हाताला तिसरं घर. दोन खन,’’ ती म्हणाली. ‘‘आत हातरून टाकलंय. जावा, मोजून या.’’

मग तिनं काहिलीला खांदा लावला. सोनईचा बाजार करून आलेली गावची माणसं काठावर उतरली होती, आणि दिवस मावळायच्या आत त्यांना घरी न्यायचं होतं. वारं तोंडावर होतं, म्हणजे वल्हं मारत. ती अजूनही चिडलेलीच होती.